‘जुनी डिझायर’ नावाची गाडी कधी विकलीच गेली नाही

साताऱ्यात सोसायटीच्या, भावकीच्या आणि दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय: ‘नवीन डिझायर घेणाऱ्यांनो, थांबा!’ खाली दावे असे. जुनीचा पत्रा जाड, नवी म्हणजे डबा. क्रॅश टेस्टचे पाच स्टार विकत घेतलेले. चाराचे तीन सिलिंडर केले म्हणून घाटात दम सुटतो. ॲव्हरेज फक्त कागदावर. डिकी लहान केली. तेव्हा निम्म्या किमतीत जुनी घ्या आणि १५ वर्षं बिनघोर चालवा.

आता जुनी म्हणजे कुठली, ते मेसेजमध्ये कुठेच नाही. मारुतीची डिझायर २००८ मध्ये आली, २०१२ मध्ये बदलली, २०१७ मध्ये पुन्हा बदलली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये आताची चौथी आली. मेसेजवाल्याने पहिलीची डिकी, दुसरीचं वजन आणि डिझेलचं इंजिन एकत्र करून एक गाडी उभी केलीय, आणि नवीला तिच्याशी भिडवलंय. अशी गाडी कुठल्याच शोरूममध्ये कधी नव्हती.

डिकीचं आधी उरकून टाकू. २००८ च्या गाडीची डिकी खरंच ४४० लिटरची होती, कारण गाडीच ४१६० मिलिमीटर लांब होती. चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांना अबकारी कर कमी, म्हणून २०१२ मध्ये मागचं शेपूट छाटून ती ३९९५ वर आणली आणि डिकी ३१६ लिटरवर आली. २०१७ मध्ये ती ३७८ झाली, आता ३८२ आहे. म्हणजे डिकी लहान झाली ती २०१२ मध्येच, आणि त्यानंतर वाढतच गेलीय. सीएनजी घेतली तर टाकी डिकीतच बसते, मग हा वादच मिटला.

पत्र्याकडे वळू, कारण हा दावा चौकाचौकात ऐकू येतो. लोक बॉनेटवर अंगठा दाबतात, पत्रा जरा आत गेला की निकाल लागला! पण बॉनेट, दरवाजाचा बाहेरचा भाग, फेंडर ही गाडीची कातडी. धडकेचा भार घ्यायला आत पुढच्या लांब पट्ट्या, खांब आणि दरवाजाखालची चौकट असते, आणि ती कसल्या पोलादाची आहे हे अंगठ्याला कळत नाही. वजनाचाच हिशोब करायचा तर २०१७ ची पेट्रोल डिझायर आधीच्या गाडीपेक्षा सुमारे ८५ किलोंनी हलकी झाली होती, ८६० ते ८९५ किलो. आताची ९२० ते ९६० च्या घरात आहे. म्हणजे ‘जाड पत्र्याची जुनी’ म्हणून तिसरी डिझायर घेतली, तर तीच हलकी निघते.

डिसेंबर २०२२ मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्या आदळून सुरक्षितता तपासणाऱ्या संस्थेने तेव्हाची स्विफ्ट आदळली. ती तिसऱ्या डिझायरचीच जुळी बहीण, सांगाडा त्याच हार्टेक्ट नावाच्या प्लॅटफॉर्मवरचा, म्हणजे पायाभूत ढाच्यावरचा. मोठ्यांसाठी एक स्टार मिळाला आणि सांगाडा अस्थिर ठरला. नव्या डिझायरच्या प्लॅटफॉर्मचं नाव तेच राहिलं, पण त्याच संस्थेने तिला मोठ्यांसाठी पाच आणि मुलांसाठी चार स्टार दिले. ताशी ६४ किलोमीटरने गाडीचा पुढचा ४० टक्के भाग अडथळ्यावर आदळायचा, ही ती समोरासमोरची चाचणी. पुढे २०२५ मध्ये भारत एनकॅप या आपल्या सरकारी चाचणी योजनेतही पाच स्टार मिळाले.

मग ‘विकत घेतले’ हा आरोप कुठून आला? त्यात एक खरा धागा आहे: भारत एनकॅपमध्ये चाचणीचा खर्च कंपनी करते. पण पैसे भरले की पाच स्टार मिळत असते, तर त्याच कंपनीची बलेनो २०२५ मध्ये तिथेच मोठ्यांसाठी चार आणि मुलांसाठी तीन स्टारवर का थांबली? पैसे काय कमी पडले होते?

स्टार बाजूला ठेवले तरी नवीच्या सगळ्यात स्वस्त मॉडेलमध्येही सहा एअरबॅग आणि ईएसपी (घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा) आहे, आणि पाचही जणांना खांद्यावरून येणारा पट्टा. २०१७ च्या गाडीत एअरबॅग दोन होत्या. २०१२ च्या खालच्या मॉडेलमध्ये तर एकही नाही. मागच्या सीटवर पोरं आणि आजी-आजोबा बसवून हायवेला जाणाऱ्याने सनरूफ मोजण्याआधी हे मोजावं. सनरूफ सातारच्या उन्हात किती वेळा उघडणार, ते तुम्हीच ठरवा.

आता घाट. इथे मेसेजवाल्याचा अनुभव खोटा नाही, त्याने कारण चुकीचं पकडलंय. २०२० नंतरच्या चार सिलिंडरच्या पेट्रोल डिझायरची ताकद ९० पीएस (म्हणजे अश्वशक्ती) होती, नवीची साधारण ८२. ताकद घटली, हे मान्य. पण २०१७ ते २०२० ची चार सिलिंडरची पेट्रोल डिझायर ८३ पीएसचीच होती, आणि तेव्हा तिला कुणी घाटात मेलेली म्हटलं नाही. घाट चढताना कामाला येतो तो टॉर्क, म्हणजे चाकं फिरवणारा जोर. चार सिलिंडरचा ११३ न्यूटन मीटर, तीन सिलिंडरचा १११.७. हा फरक खंबाटकी घाटात कुणालाही जाणवणार नाही.

जाणवतो तो डिझेलचा. त्या १.३ लिटरच्या इंजिनाची ताकद ७५ पीएसच होती, नव्या पेट्रोलपेक्षाही कमी. पण टॉर्क १९०, आणि तोही २००० आरपीएमलाच (इंजिनाच्या मिनिटाला २००० फेऱ्यांनाच) हजर. नव्या पेट्रोलला पूर्ण टॉर्क ४३०० ला मिळतो. डिझेलवर हात बसलेला माणूस साताऱ्याजवळच्या यवतेश्वर घाटाच्या वळणावर सवयीने तिसरा गिअर टाकून ठेवतो आणि गाडी गुरगुरली की तीन सिलिंडरला शिव्या घालतो. दुसरा टाका, इंजिनाला ओरडू द्या, गाडी चढते. चार सिलिंडरच्या जुन्या पेट्रोललाही हेच करावं लागायचं.

त्यात उंचीची भर. दर हजार मीटरला हवा साधारण दहा टक्क्यांनी विरळ होते. कासचं पठार बाराशे मीटरच्या आसपास, महाबळेश्वर त्याहून वर. टर्बो असलेलं डिझेल हवा दाबून आत घेतं, साध्या पेट्रोल इंजिनाला मिळेल तेवढ्यावर भागवावं लागतं. मग सिलिंडर तीन असोत की चार.

हे डिझेल एप्रिल २०२० मध्ये बीएस ६ हे धुराचे कडक नियम आल्यावर बंद झालं, आणि त्याची हळहळ मलाही आहे. सिग्नलला उभं असताना तीन सिलिंडरची थरथर सीटला थोडी लागते, हेही खरं. ज्याला ती खुपते त्याने खुशाल दुसरी गाडी बघावी.

ॲव्हरेजचे आकडे दोन्हीकडे कागदावरचेच, त्यामुळे कागदाची तुलना कागदाशी करू. मॅन्युअल पेट्रोलला आधी लिटरला २२.४१ किलोमीटर होतं, आता २४.७९. महिन्याला हजार किलोमीटर आणि पेट्रोल १०५ रुपये धरलं तर साडेचारशे रुपयांच्या आसपास वाचतात. एवढ्यासाठी कुणी गाडी बदलू नये, आणि शोरूमवाला तसं सांगत असेल तर त्याचंही ऐकू नये.

राहिला ‘निम्म्या किमतीत १५ वर्षं’चा दावा. सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा कर सेससकट २९ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे ‘निम्मी किंमत’ नव्या दराशी पुन्हा ताडून बघा. आणि १५ वर्षं मोजायची ती पहिल्या नोंदणीपासून, तुम्ही घेतल्यापासून नव्हे. २०१२ ची गाडी आज घेतली तर २०२७ मध्ये आरटीओत तपासणी, फेरनोंदणीची फी आणि पर्यावरण कर तुमच्या नावावर. एप्रिल २०१९ च्या आधीची असेल तर नवी सुरक्षित नंबरप्लेट बसवलीय का, तेही बघावं लागेल. शिवाय पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ऊस आपल्याच शिवारातला, पण जुन्या पेट्रोल गाडीचे रबरी पाइप आणि सील त्यासाठी बनवलेले नाहीत. ते तपासून, लागले तर बदलून घ्यावे लागतात.

तरीही जुनी घ्यावी असा एक माणूस मला दिसतो: आठवड्यातून दोन-तीनदा पुण्याला जाणारा, बहुतेक वेळा एकटा, बजेट आखडलेलं. त्याने २०१८-१९ ची डिझेल शोधावी, एकाच मालकाची, सर्व्हिसच्या नोंदी असलेली. ट्रायल शहरातल्या पोवई नाक्याला वळसा मारून घेऊ नये. चार माणसं बसवून यवतेश्वर चढावा आणि मागच्या गाडीतल्याला धूर बघायला सांगावं. काळा असेल तर इंजेक्टर आणि ईजीआर (धुराचा काही भाग इंजिनात परत सोडणारा व्हॉल्व्ह) तपासून भाव पाडता येतो. निळा निघाला तर इंजिन ऑइल जाळतंय, तिथे भाव करत बसूच नका.