हात दाखवून अवलक्षण

गेल्या शनिवारी इंदूरच्या रवींद्रनाथ टागोर मार्गावरील एका संगणकाच्या दुकानात मी खेळण्यासाठी चांगला माऊस हवा आहे असे सांगितले आणि गल्ल्यावरच्या गृहस्थांनी मान वरही न करता विचारले, “बेटे के लिए?” मला मुलगा नाही. मुलगी आहे, ती सीएच्या परीक्षेचा अभ्यास करते आणि रात्री अकरानंतर मी हेडफोन लावून “डावीकडून आला, डावीकडून!” असे ओरडू लागले की आपल्या खोलीचे दार आतून लावून घेते. माऊस माझ्याचसाठी हवा आहे, हे मी स्वच्छ हिंदीत सांगितले. तेव्हा त्या गृहस्थांनी प्रथमच माझ्याकडे पाहिले, केसांतल्या पांढऱ्या बटेची रीतसर नोंद घेतली आणि फळीवरून एक गुलाबी माऊस काढून माझ्यापुढे ठेवला. त्याला मांजराचे कान होते.

जुन्या माऊसचे दुखणे थोडक्यात सांगते. त्याचे डावे बटण एकदा दाबले की दोनदा उमटते, कारण आतल्या धातूच्या पातळ पट्टीचा संपर्क झिजला आहे. बँकेच्या कामात त्याने फारसे बिघडत नाही, एक फाइल दोनदा उघडते इतकेच. पण काउंटर-स्ट्राइक या गोळीबाराच्या ऑनलाइन खेळात बटण दाबून धरलेले असताना हा संपर्क क्षणभर तुटला की गोळीबार मध्येच थांबतो आणि समोरचा कोणी मिसरूड न फुटलेला मुलगा मला ठार करून वर “सॉरी आंटी” म्हणतो. मरणाचे मला काही वाटत नाही. सॉरीचे वाटते.

तर मांजराचे कान बाजूला सारून मी खरी खोकी मागितली. दीड हजारापासून पंधरा हजारांपर्यंतची खोकी काचेवर मांडली गेली आणि प्रत्येक खोक्यावर सर्वांत मोठ्या अक्षरांत एकच आकडा होता: कुठे 12,000 डीपीआय, कुठे 26,000 डीपीआय. दुकानदाराच्या मते हाच माऊसचा पराक्रम. हा आकडा काय सांगतो, तर माऊस एक इंच सरकवला की तो संगणकाला किती टप्पे कळवतो. माझा पडदा रुंदीला 1920 बिंदूंचा आहे. म्हणजे 26,000 च्या मापाने माऊस एक इंच हलला, तर बाण तो पडदा तेरा वेळा ओलांडून वर आणखी थोडा पुढे जाईल. अशा माऊसवर हात ठेवून शिंकण्याची सोय नाही. या खेळात नाव कमावलेले व्यावसायिक खेळाडू बहुतेक करून 400 किंवा 800 वर खेळतात आणि नेम मनगटाबरोबर सबंध हाताने घेतात, हे मी दुकानदाराला सांगितले. त्याने ते सहानुभूतीने ऐकले आणि 26,000 चे खोके माझ्याकडे आणखी दोन बोटे सरकवले.

नेमकेपणाच्या गोष्टी वेगळ्याच असतात आणि त्यांतली निम्मी तर फुकट मिळतात. विंडोजमध्ये बाणाची अचूकता वाढवण्याची म्हणून एक खूण आधीपासूनच केलेली असते. ती असली की हात जितक्या वेगाने हलेल त्या मानाने बाणाचे अंतर बदलते, म्हणजे तेवढ्याच हालचालीला आज एक फळ आणि उद्या दुसरे. ती खूण काढून टाकायला एक पैसा पडत नाही. साधा माऊस आपली जागा संगणकाला सेकंदाला 125 वेळा कळवतो, खेळाचा 1000 वेळा, म्हणजे आठ मिलिसेकंदांऐवजी एका मिलिसेकंदाने. आता 8000 वेळा कळवणारेही निघाले आहेत. डोळ्याला दिसल्यापासून बोट हलेपर्यंत माणसाला सुमारे 200 मिलिसेकंद लागतात आणि पन्नाशीनंतर त्याहून जास्त, तेव्हा त्या सात मिलिसेकंदांवर माझी काही मोठी भिस्त नाही. वजन मात्र हाताला लगेच कळते. साठ ग्रॅमच्या आतले माऊस निघाले आहेत, परंतु वजन घटवण्यासाठी त्यांतल्या काहींच्या पाठीला मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी पाडलेली असते. ही कल्पना ज्याला सुचली तो इंदूरला राहत नसणार. आमच्या घरात पोह्यांवर शेव, उपम्यावर शेव आणि रात्रीच्या खेळात नुसतीच लसणाची शेव असते. आठवडाभरात त्या जाळीतून अर्धी वाटी निघाली असती.

आणि जे खरोखर महत्त्वाचे, ते खोक्यावर कुठेही नसते. माऊस कोणत्या हाताचा? कोणी सबंध तळवा टेकवून तो धरतो, कोणी बोटे वाकवून पंजाने, कोणी नुसत्या बोटांच्या टोकांनी. आणि या तिन्ही धाटणींना वेगळी लांबी, वेगळा उंचवटा लागतो. मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत माझा हात साडेसोळा सेंटीमीटर भरतो आणि दुकानातले बहुतेक माऊस साडेबारा सेंटीमीटर लांब. तळवा टेकवावा तर बोटे बटणांच्या मधेच संपतात आणि चाकापर्यंत पोचायचे तर पूर्ण हात पुढे सरकवावा लागतो. डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी 1964 साली पहिला माऊस बनवला तो लाकडी ठोकळ्याचा होता. तो तेव्हा सगळ्यांनाच सारखाच टोचत असावा, आणि त्यात काही न्याय तरी होता.

म्हणून मी हात लावून पाहू द्या असे म्हटले. “मैडम, सील टूटी तो माल गया.” खोक्याच्या पारदर्शक खिडकीतून पाहा, हवे तितके पाहा. राजवाड्याजवळचा आमचा कासार दहा रुपयांच्या काचेच्या बांगड्यांसाठीसुद्धा आधी हात हातात घेतो, अंगठ्याखालचे हाड दाबून पाहतो आणि न मोजता “दोन-चार” म्हणून सांगतो, म्हणजे दोन इंच आणि वर इंचाचे चार सोळावे भाग. त्याचे माप आजवर चुकलेले नाही. इथे चार-पाच हजारांची वस्तू, ती रोज तासन्‌तास हातात राहणार, आणि तिची पसंती काचेपलीकडून करायची. माझा आवाज थोडा चढला. तेवढ्यात भाच्याचा फोन आला आणि मी त्याच्याशी मराठीत बोलले. तिथूनच सगळे फिसकटले.

कोपऱ्यातल्या प्लास्टिकच्या स्टुलावर सत्तरी ओलांडलेले एक काका प्रिंटरचे कार्ट्रिज भरून मिळण्याची वाट पाहत बसले होते. ते स्वतःच ते पिशवीतून काढून देताना अंगठ्याला शाई लागलेली होती आणि तो अंगठा ते इतर बोटांपासून दूर, आशीर्वाद दिल्यासारखा धरून होते.

“मराठी का? कुठल्या तुम्ही?”

“इथलीच. रामबागेतली.”

“रामबागेतले कोण?”

आडनाव सांगितल्यावर माझ्या चुलत दिरापर्यंत पोचायला त्यांना अर्धे मिनिटही लागले नाही. ते स्टूल उचलून माझ्या शेजारी आले.

“आणि हे काय घेता आहात?”

“माऊस.”

“किती बटणे आहेत?”

“सहा.”

“सहा!” त्यांनी दुकानभर पाहिले. “दोन बटणांत आमचे सबंध खाते चालले, ताई. तेही गोळीच्या माऊसवर. महिन्यातून एकदा गोळी काढायची, धुवायची, आतल्या चाकांवरचा मळ नखाने खरवडायचा, की पुन्हा नवा. तुमचा खेळ कसला आहे?”

“गोळीबाराचा.”

“मग गोळीचाच घ्या की.”

आता गोळी नसते, माऊसच्या पोटात बारीक कॅमेरा असतो, तो टेबलाची सेकंदाला हजारो चित्रे घेतो आणि एकापुढची दुसरी ताडून आपण किती सरकलो ते ओळखतो, असे मी समजावले. काका गंभीर झाले. “हजारो? आणि ती सगळी जातात कुठे?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होते, पण दुकानातली इतर गिऱ्हाइकेही आता ऐकू लागली होती आणि एका तरुणाने हातातला माऊस हळूच उलटा करून ठेवला. खोक्यावरच्या “पाच कोटी क्लिक” या हमीवरही काकांचा आक्षेप होता. ते कोणी मोजले? आणि मोजणाऱ्याचा माऊस कोणता होता?

विषय मूळ मुद्द्यावर आणावा म्हणून मी दुकानदाराकडून पट्टी मागून घेतली आणि हात किती, माऊस किती, हे त्याच्या डोळ्यांना दिसावे म्हणून काउंटरच्या काचेवर उताणा तळहात ठेवला. काकांच्या चेहऱ्यावर प्रकाश पडला. मी जिला मनगटाची घडी समजत होते, तो त्यांच्या शास्त्रात मणिबंध निघाला आणि ज्या बोटाच्या टोकाशी माझी पट्टी थांबत होती, ते शनीचे.

“शनी लांब आहे,” माझा हात स्वतःकडे ओढत ते म्हणाले, “पण शुक्र बघा, शुक्र भारी आहे.” आणि त्यांनी माझ्या अंगठ्याच्या बुडाशी शाईचा अंगठा दाबला. “भारी शुक्राला उंच पाठीचा माऊस सोसत नाही. चंद्राच्या बाजूला टेकू लागेल. करंगळी बुधाची, ती लोंबकळता कामा नये.”

आता मला रागाने बोलता येईना, कारण ते बरोबर होते. करंगळीला टेकायला जागा हवी आणि मागचा उंचवटा कमी हवा, हेच मी त्या दुकानदाराला मघापासून सांगत होते. परंतु ती माझी मागणी असताना नखरा होती. शुक्र आणि बुध यांच्यातर्फे आल्यावर त्याने गल्ल्यामागून बाहेर येऊन हात जोडले. “अंकलजी, ज़रा मेरा भी.” त्याला दोन वर्षांत दुसरे दुकान होते. खोकी पोचवणाऱ्या मुलाला परदेशप्रवास होता. माऊस उलटा ठेवलेल्या तरुणाच्या विवाहरेषेपाशी काका जरा थबकले, मग त्याच्या आईचे नाव विचारून त्यांनी तिलाही शुभ वर्तवले. पंधरा मिनिटे त्या दुकानात कोणी काही विकले नाही की विकत घेतले नाही, आणि मी ग्रहांच्या खुणा वागवणारा काळा हात घेऊन पट्टीशेजारी उभी होते.

मग काकांना माझी आठवण झाली. “हिला तो पांढरा दाखव रे भिया.” आणि ज्याची सील तुटली तर माल जाणार होता ते खोके दुकानदाराने नखाने सर्रकन फाडले. मी हात पुढे केला, पण माऊस काकांकडे गेला. त्यांनी आपल्या भल्यामोठ्या पंजात तो धरला, काचेवर गोल फिरवला, डोळे मिटून दोनदा बटण दाबले आणि म्हणाले, “मस्त आहे. घ्या.” त्यांच्या हाताला तो खरोखर मस्त होता. त्यांच्या हाताला चहाची किटलीही मस्त बसली असती. माझ्यासमोर तो ठेवला गेला तेव्हा त्याच्या डाव्या कुशीवर, अंगठ्याच्या जागी, रेघोट्यांसकट एक ठसठशीत काळा ठसा उमटला होता.

हा मला मोठा होतो, असे मी सांगितले. दुकानदार ठशाकडे पाहत होता. “अब तो ये आपका ही हुआ, मैडम.” मी हातही लावलेला नव्हता. सील तुम्ही फाडली, ठसा त्यांचा, मापाला मी आधीपासून नको म्हणत होते, असे सगळे मी मुद्देसूद मांडले. पण ज्यांना नुकताच परदेशप्रवास आणि दुसरे दुकान लाभले होते, ती माणसे काकांच्या विरुद्ध जाणारी साक्ष कशाला देतील? अंकलजी आपके ही तो साथ थे, असे तो विवाहरेषेवाला तरुणसुद्धा म्हणाला. काकांचे कार्ट्रिज भरून आले होते. “चुलत दिरांना नमस्कार सांगा,” म्हणून ते निघूनही गेले. दोनशे रुपये कमी करून आणि वर अजगराचे चित्र असलेला एक माऊसपॅड देऊन दुकानदाराने मला उपकृत केले. सुट्या भागांसाठी परत यायचे असले तर बिल जपून ठेवा, असेही त्याने बजावले. हल्ली अशी दुकाने गिऱ्हाइकाला वस्तू विकत नाहीत. ती त्याला वस्तूच्या स्वाधीन करतात, आणि आपण पैसे मोजून वर “थैंक यू” म्हणतो, याचा मला अजून राग येतो.

माऊस तसा नेमका आहे. बटणाच्या आत धातूच्या पट्टीऐवजी प्रकाशाचा किरण अडतो, त्यामुळे एकाचे दोन होत नाहीत. तळवा टेकवण्याचा नाद सोडून मी आता पंजाने धरते आणि करंगळी, बुधाची असो वा कोणाची, बाहेर लोंबकळते. शाईचा डाग स्पिरिटने अर्धा निघाला.

खरा ताप त्याच्या दिव्यांचा. हा माऊस रात्रभर सात रंगांत पेटतो आणि ते बंद करणारे बटण त्या सहा बटणांत नाही. त्यासाठी कंपनीचे सॉफ्टवेअर उतरवून खाते उघडावे लागते. खाते उघडायला जन्मतारीख लागते. वर्षांची यादी वरून, चालू सालापासून सुरू होते आणि मला 1974 पर्यंत चाक फिरवत खाली जायचे असते. चाकापर्यंत बोट पुरत नाही, म्हणून हात पुढे सरकवावा लागतो. हात सरकला की माऊस सरकतो, आणि माझे जन्मवर्ष 2014 निवडले गेले. लगेच पडद्यावर सूचना आली की पालकांचा ई-मेल पत्ता द्यावा, त्यांची संमती आल्यावर पुढे जाता येईल. आणि मागे जाण्याचा रस्ता ठेवलेला नाही. मी बँकेच्या कामाचा माझाच दुसरा पत्ता दिला आणि तिथून स्वतःला खेळण्याची परवानगी दिली. दिवे अद्याप चालूच आहेत, कारण ते बंद करण्याआधी सॉफ्टवेअरला अद्ययावत व्हायचे आहे आणि ते कालपासून सदतीस टक्क्यांवर अडकले आहे.