करप्याच्या बुरशीचा पडदा आणि केळीचे तेल

रावेर, यावल, चोपडा भागांतील केळी उत्पादकांच्या मोबाइलवर सध्या एक लांबलचक संदेश फिरतो आहे. तो म्हणतो: करप्याची (केळीच्या पानांवर डाग पाडून ती वाळवणाऱ्या रोगाची) बुरशी आपल्या पेशीचा पडदा केळीच्या पानातील तेलकट द्रव्यापासून बांधते, म्हणून फवारणीत मिनरल ऑइल मिसळणे म्हणजे तिला आयते सामान पुरवणे होय. ट्रायझोल गटातील बुरशीनाशक औषध अस्सल असेल तर दोन दिवसांत डाग जळून जातात, न जळल्यास मात्रा दुप्पट करावी. हे औषध कोणत्याही बुरशीवर चालते. आणि माणसाचे कोलेस्टेरॉलही त्याच मार्गाने तयार होत असल्यामुळे अशी केळी खाणाऱ्याच्या शरीरात ते बनणे थांबते, असे चार दावे त्यात केले आहेत. लिहिणाऱ्याने विषय थोडाफार वाचलेला दिसतो. त्याचे अर्धे शब्द बरोबर आहेत आणि संदेश पटतो तो त्यामुळेच.

पहिल्या दाव्यापाशी जरा थांबावे लागेल, कारण उरलेल्यांची मुळे त्यातच आहेत. बुरशीच्या पेशीपटलाला घट्टपणा आणि लवचीकपणा देणारे मुख्य स्टेरॉल (कोलेस्टेरॉलच्या कुळातले स्निग्ध द्रव्य) म्हणजे एर्गोस्टेरॉल. शार्ल तांरे या फ्रेंच संशोधकाने ते 1889 मध्ये राय या धान्यावर वाढणाऱ्या अरगट बुरशीतून वेगळे काढले, आणि त्याचे नावही त्यावरूनच पडले. केळीच्या पानात सिटोस्टेरॉल आणि स्टिग्मास्टेरॉल ही वनस्पतींची स्टेरॉले असतात, एर्गोस्टेरॉल नसते. हा फरक इतका भरवशाचा आहे, की साठवलेले धान्य आतून कितपत बुरसले आहे हे प्रयोगशाळेत त्यातील एर्गोस्टेरॉल मोजून ठरवता येते. बुरशी पानाचेच द्रव्य उचलून पडदा बांधत असती, तर ही मोजणी शक्यच झाली नसती.

मग ती एर्गोस्टेरॉल आणते कोठून? पानातून ती घेते ती मुख्यतः साखर. त्या साखरेच्या विघटनातून दोन कार्बनांचे अॅसिटिल तुकडे मिळतात, ते जुळून मेव्हॅलोनेट बनते, त्यापासून पाच कार्बनांची एकके, तीन एकके मिळून पंधरा कार्बनांची साखळी आणि अशा दोन साखळ्या जोडून तीस कार्बनांचे स्क्वालिन तयार होते. स्क्वालिनच्या एका टोकाला ऑक्सिजनचा अणू बसला, की ती लांब साखळी दुमडून चार वलयांचे लॅनोस्टेरॉल होते. पुढे त्यावरचे एकेका कार्बनाचे तीन मिथिल गट उतरवले जातात आणि बाजूच्या शेपटीवर एक नवा चढवला जातो. तीस वजा तीन अधिक एक, असे अठ्ठावीस कार्बनांचे एर्गोस्टेरॉल हाती येते. अनेक तंतुमय बुरशी नवा मिथिल आधी चढवतात आणि जुने नंतर उतरवतात, पण शेवटचा हिशेब बदलत नाही. काम मोठे खर्चिक आहे: यीस्टला एर्गोस्टेरॉलचा एक रेणू घडवायला ऑक्सिजनचे बारा रेणू लागतात, त्यामुळे हवा पूर्ण बंद केली तर बाहेरून स्टेरॉल आणि असंतृप्त स्निग्धाम्ले पुरवल्याखेरीज ते वाढत नाही.

मिनरल ऑइल हे खनिज तेलातून काढलेल्या हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे. त्यात स्टेरॉल नसते. उलट केळीच्या सिगाटोका करप्यावर नुसत्या तेलाचाही उपयोग होतो, डागांची वाढ लांबते, हे 1950 च्या दशकापासून माहीत आहे. मेणचट पानावर औषध पसरवून आत मुरवण्याचे कामही तेलच करते. लिटरभर पाण्याला 1 मिली प्रोपिकोनॅझोल आणि 10 मिली तेल या नेहमीच्या प्रमाणाच्या पुढे जाऊन भर उन्हात फवारले, तर पाने भाजतात. आक्षेप घ्यायचाच असेल तर तो येथे घ्यावा.

दुसऱ्या दाव्यात औषधाचे कामच उलटे समजले आहे. ट्रायझोल काही जाळत नाही. लॅनोस्टेरॉलच्या चौदाव्या कार्बनावरचा मिथिल उतरवणारे सीवायपी-51 नावाचे एक एन्झाइम आहे. त्याच्या मध्यभागी असलेल्या लोहाला ट्रायझोल चिकटते आणि एर्गोस्टेरॉल घडवण्याच्या साखळीतली ती कडी बंद पडते. बीजाणूत आधीचे एर्गोस्टेरॉल शिल्लक असते, म्हणून फवारणीनंतरही तो रुजतो आणि इवलीशी नळी बाहेर काढतो; शिल्लक संपली आणि नवा पडदा बांधायची वेळ आली, की अडतो. आमच्या कांदेबागेत (ऑक्टोबरच्या सुमारास लावलेल्या केळीत) भिंगातून पाहिले तर डागाच्या सगळ्या अवस्था एकाच पानावर सापडतात: टाचणीने ओरखडावे तशी फिकट पिवळी रेघ, मग तपकिरी लांबट ठिपका, आणि शेवटी पिवळ्या कडेच्या आत राखाडी पडलेला मधला भाग. तो राखाडी भाग म्हणजे मेलेले पान आहे, आणि औषध कितीही अस्सल असले तरी ते पुन्हा हिरवे होणार नाही. फवारणी लागू पडली की नाही, हे दोन-तीन आठवड्यांनी वरच्या नव्या पानांवर रेघा उमटतात का, यावरून ठरते.

मात्रा दुप्पट करण्याचा सल्ला तर सरळ नुकसानीचा आहे. काळा सिगाटोका या करप्याच्या उग्र प्रकाराच्या बुरशीत सीवायपी-51 च्या जनुकात बदल होऊन औषधाची पकड सैल झाल्याचे, शिवाय तेच एन्झाइम जास्त प्रमाणात बनू लागल्याचे जगातील केळी-मळ्यांत आढळले आहे. सारखा एकाच कडीवर घाव घातला, की त्यातून वाचणारे बुरशीचे वाणच मागे उरतात. आपल्याकडे औषध बदलले म्हणजे पुष्कळदा डबा बदललेला असतो: प्रोपिकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल, हेक्झाकोनॅझोल आणि डायफेनोकोनॅझोल ही चारही नावे त्याच एका कडीवर बसणारी आहेत. पालट करायची तर मॅन्कोझेबसारखे वेगळ्या रीतीने काम करणारे औषध मध्ये घ्यावे लागते.

तिसरा दावा शहाद्याकडच्या पपई उत्पादकाला सर्वांत महाग पडेल. पपईची रोपे कोलमडवणारे आणि बुंधा सडवणारे पिथियम व फायटोफ्थोरा यांना आपण बोलताना बुरशी म्हणतो, पण वंशाने ते खऱ्या बुरशीपासून फार दूरचे आहेत. स्क्वालिनवर ऑक्सिजन बसवणारे एन्झाइमच त्यांच्याकडे नाही, त्यामुळे ते स्टेरॉल बनवत नाहीत. जे लागते ते यजमान झाडातून उचलतात. जी साखळी मुळात चालतच नाही ती ट्रायझोलने तोडायची कशी? तेथे मेटॅलॅक्झिलसारखे निराळे औषध लागते. गंमत अशी, की झाडाचे द्रव्य उचलून वापरण्याचा संदेशातील पहिला दावा ज्या जिवांना लागू पडतो, नेमक्या त्याच जिवांवर तिसऱ्या दाव्यातले औषध चालत नाही.

चौथ्या दाव्यात तथ्याचा अंश आहे. लॅनोस्टेरॉलपर्यंतचा मार्ग माणसात आणि बुरशीत सारखाच आहे, आणि सीवायपी-51 आपल्याकडेही असते. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गोळ्यांचा उगमच बुरशीत आहे. अकिरा एन्डो या जपानी संशोधकाने 1970 च्या दशकात त्यातले पहिले द्रव्य पेनिसिलियम या बुरशीतून मिळवले, आणि त्या गोळ्या मेव्हॅलोनेटच्या आधीची कडी अडवतात. मात्र ट्रायझोल निवडले जाते तेच माणसाच्या एन्झाइमपेक्षा बुरशीच्या एन्झाइमला कितीतरी घट्ट बसते म्हणून, आणि केळीच्या गरात अवशेष उरलाच तर तो इतका अल्प असतो, की त्याने यकृतातील कोलेस्टेरॉलचे काम बंद पडत नाही. याचा अर्थ औषध निर्धोक आहे असा नाही. युरोपीय संघाने 2018 मध्ये प्रोपिकोनॅझोलची मंजुरी पुढे चालू ठेवली नाही. त्यामागे प्रजननावरील परिणाम आणि भूजलात उतरणारे त्याचे अवशेष ही कारणे होती. फवारणी करणाऱ्याचे हातमोजे, लेबलावरचा काढणीपूर्व कालावधी आणि घड ज्या देशात जाणार तेथील अवशेषांची मर्यादा, हे खरे प्रश्न आहेत, आणि त्यांपैकी एकाचाही उल्लेख त्या संदेशात नाही.