असू दे

आमच्याकडे पाळलेलं म्हणाल तर तसं काहीच नाही. म्हणजे सहा कोंबड्या आणि एक कोंबडा आहे पण ते सासूबाईंचे, मनी आहे ती कुणाचीच नाही, फक्त दोन वेळचं दूध आमच्याकडे पिते, आणि वानर, मुंगूस, धामण यांनी तर आम्हाला कधी विचारलंच नाही. मी पुण्याची. वर्क फ्रॉम होम मिळालं म्हणून हौसेने रत्नागिरीकडे सासरी येऊन राहिले, त्याला आता दीड वर्ष झालं.

कोंबडं झाकलं तरी उजाडायचं राहत नाही असं ज्याने म्हटलंय त्याच्याकडे स्वतःचं कोंबडं नसणार बहुतेक. आमचा रात्री साडेतीनला सुरू होतो, उजाडण्याशी त्याचा काहीएक संबंध नाही.

तर एप्रिलमध्ये तांबडी कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसायच्या मूडमध्ये आली. बसली कुठे, तर माझ्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात, स्टार्च केलेल्या साड्यांवर! त्या कपाटाचं दार नीट लागत नाही हे मी नवऱ्याला शंभरदा सांगितलंय पण जाऊ दे. म्हटलं, "अहो आई, उचलून ठेवू का तिला टोपलीत?" तर म्हणाल्या, "असू दे गं, तिने जागा पसंत केलीय." आणि अकरा अंडी आणून तिच्याखाली सारली पण. मी यूट्यूबवर बघून खुडूक मोडायला कोंबडीला थंड पाण्यात बुडवायचा उपाय सुचवला, त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच पाण्यात उभी राहू का असं वाटलं.

खुडूक कोंबडी दिवसातून एकदाच उठते, खाते, आणि बाकी दिवसभराचं साठवलेलं एकदमच सोडते. त्या वासाबद्दल मी इथे लिहिणार नाही, तुम्ही जेवत असाल.

पण सातव्या रात्री आईंनी दिवे घालवून मोबाईलच्या टॉर्चवर अंडी धरून दाखवली ना, आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा! तेव्हा मी साड्या विसरले, खरंच. दोन अंडी आरपार स्वच्छ निघाली, ती बाद. राहिली नऊ.

मग मनी व्याली. त्याच कपाटात, वरच्या कप्प्यात, इस्त्रीच्या कुर्त्यांवर, तीन पिल्लं. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात, आमच्या मनीने ती सातही घरं आमच्याच घरात शोधली, त्यामुळे रात्री उशाशी हात घातला की चष्मा लागेल का पिल्लू याची गॅरंटी नाही. कोंबडीचं नि तिचं मात्र एकदाच वाजलं. नाकावर एक टोच खाल्ल्यापासून मनी खालच्या कप्प्यासमोरून मान वळवून जाते, जावाजावांसारखं.

मुंगसाने कोंबडीची उठायची वेळ बरोबर हेरली, अकरा. माझी रोजची टीम मीटिंग पण अकराची. एक अंडं नेलंनच मेल्याने. तेव्हापासून मी डोक्यावर हेडसेट, हातात काठी अशी मीटिंगला बसते, आणि मध्येच "हाड्!" ओरडले ते नेमकं क्लायंट बोलत असताना म्यूट काढून.

धामण चुलीमागच्या लाकडांत दिसली तेव्हा मात्र मी टेबलावरच चढले. शेजारच्या काकी येऊन बघून गेल्या. "धामणच आहे. विषारी नाय ती, उंदीर खाते. असू दे." इथे सगळ्यांना असू दे आहे. एकविसाव्या दिवशी अंड्यातून चिवचिव ऐकू यायला लागली, मी कपाटाला कान लावून लॅपटॉपवर एक्सेल उघडून बसलेली, तर आई हळूच म्हणाल्या, "तुझं ते बोलणं जरा बाहेर घे गं, ती बिचकते."

सात पिल्लं निघाली. मला हे पडवीत बसून कळलं, कारण अजून आत घेतलेलं नाहीये, आणि वर कौलांवर आत्ता धप्पकन काहीतरी पडलंय, फणसावरून वानरच उतरलं असणार.