अकरा स्ट्रीक आणि मी

कन्या पंधरा वर्षांची आहे आणि तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं बघून एक दिवस मी ठरवलं, आता बास. परीक्षा होईपर्यंत आठ दिवस फोन माझ्याकडे आणि त्यानंतर रोज रात्री दहाला हॉलमधल्या ड्रॉवरमध्ये. आता मी काही नुसती ओरडणारी आई नाही हं, मी अभ्यास करून भांडते. १३ ते १८ वयाच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते हे पाठ केलं. कितीही खाली सरकवलं तरी पान संपतच नाही ही आयडिया २००६ मध्ये अझा रास्किन नावाच्या माणसाने काढली आणि पुढे त्यालाच तिचा पश्चात्ताप झाला, तेही पाठ. शिवाय स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाची कबुतरं होतीच. टोचलं की दाणा कधी मिळतो कधी नाही, कितव्यांदा मिळेल त्याचा नेम नाही, म्हणून बिचारं कबुतर टोचतच सुटतं. "तू ते कबुतर आहेस," असा जोरदार शेवट केला.

तिने सगळं शांतपणे ऐकलं, फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "ओके. पण स्ट्रीक तू सांभाळायच्या."

स्ट्रीक म्हणजे काय तर स्नॅपचॅट नावाच्या ॲपवर तू मला फोटो पाठव, मी तुला पाठवते, दर २४ तासांच्या आत, दोघांनीही. नुसता मेसेज चालत नाही, फोटो नाहीतर व्हिडिओच हवा. एक दिवस चुकला की आकडा शून्यावर. कन्येच्या अशा अकरा होत्या आणि सगळ्यात जुनी ४१२ दिवसांची. ४१२! मी आयुष्यात कुठलाही व्यायाम चार दिवसांच्या वर केलेला नाही.

"कसला फोटो पाठवू?"
"कसलाही गं. छताचा पाठव."
"छताचा कोण बघणार?"
"कोणीच नाही."
"मग पाठवायचा कशाला?"
"आई, स्ट्रीक आहे ती."

पुढे बोलण्यात अर्थ नव्हता.

पहिल्या दिवशी छत पाठवलं, अकरा जणांना, एका दमात. दुसऱ्या दिवशी तेच छत पाठवायची लाज वाटली म्हणून पडदा पाठवला, ऊन छान पडलं होतं त्याच्यावर, मी चार वेळा काढला तो फोटो. त्यावर एकाने काय पाठवावं तर पूर्ण काळा फोटो, बहुतेक फोन टेबलावर पालथा होता. मला इतकं लागलं ना ते, दिवसभर कामात लक्ष नाही, मनात एकच, अरे पडदा बघितलास तरी का. तिसऱ्या दिवशी मी विसरले आणि एका नावापुढे ते वाळूचं घड्याळ उगवलं. म्हणजे स्ट्रीक आता तुटणार. ते एकदा बघितलेल्या माणसाला परत शांत झोप लागत नाही, हे मी अनुभवाने सांगते. तेव्हापासून मी रात्री पावणेदोनला उठून ड्रॉवर उघडायला लागले, कोणाचं घड्याळ आलंय का बघायला. आतल्या खोलीत कन्या दहापासून गाढ झोपलेली, चक्क घोरत होती.

नवऱ्याने एकदा पकडलंच. त्यानेही अभ्यास केला होता म्हणे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये मोठ्या मुलांसाठी तासांचा ठरावीक आकडा देणं सोडलं आणि घरातल्यांनी एकत्र बसून प्लॅन करा असं सांगितलं. "तर बसूया का आपण तिघं," तो म्हणाला, "तुझा प्लॅन करायला?"

मी त्याच्या पायाचा फोटो काढून अकरा जणांना पाठवला.

सहाव्या रात्री त्या सगळ्यात जुन्या स्ट्रीकवाल्या मैत्रिणीचा फोटो आला. छतच, पण कोपऱ्यात जवळचा चष्मा आणि लेन्सवर अर्धा अंगठा. कुठली पंधरा वर्षांची मुलगी असा फोटो काढते? खाली ओळ होती, अगदी पूर्णविरामासकट. "परीक्षेमुळे मुलीचा फोन माझ्याकडे आहे. मी तिची आई."

मी टाइप केलं, "मीपण."

दोन मिनिटांनी तिकडून, "तुमचा पडदा छान होता हो."

काय सांगू, सहा दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी बघितला होता!

नवव्या दिवशी फोन परत दिला, अकराच्या अकरा स्ट्रीक जिवंत. कन्या थँक्यू म्हणाली, आणि रात्री दहाला स्वतःहून फोन ड्रॉवरमध्ये ठेवायलाही लागली, झोप आवडली असेल बहुतेक. मी मात्र माझ्या फोनवर ते ॲप घेतलं, त्या चष्मेवाल्या बाईंनीही घेतलं, आज आमचा सतरावा दिवस. आता हे लिहितेय तर दहा वाजून गेलेत, कन्या ड्रॉवर उघडून हात पुढे करून उभी आहे आणि माझा आजचा फोटो जायचाय अजून. थांब गं दोन मिनिटं, छत तर छत.