अक्वायनसचा आत्मा शरीरात उतरलेला पाहुणा नव्हे

मेंदूविज्ञानाने आत्म्याची कल्पना निकालात काढली आणि तिच्याबरोबर तेराव्या शतकातला कॅथलिक तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस याचे माणसाविषयीचे सारे तत्त्वज्ञानही मोडीत निघाले, असे प्रतिपादन हल्ली वारंवार वाचनात येते. त्याला आधार म्हणून चार गोष्टी सांगितल्या जातात: मध्ययुगीन कॅथलिक तत्त्वज्ञ माणसाला शरीरात वस्तीला आलेला अदृश्य आत्मा समजत, मेंदूला इजा झाली की माणूसच बदलतो, तेव्हा असा आत्मा नाही, मेंदूशास्त्रज्ञ बेंजामिन लिबेटच्या प्रयोगाने इच्छास्वातंत्र्य खोटे ठरवले, आणि तेराव्या शतकाचे जीवशास्त्रच चुकीचे असल्यामुळे त्यावर उभारलेले बाकीचेही चुकीचे आहे. मी कॅथलिक नाही, अक्वायनसचे सगळे म्हणणे मला पटते असेही नाही; पण एखाद्याला खोडून काढायचे असेल तर निदान त्याने जे म्हटले ते खोडावे, एवढा माझा आग्रह आहे.

पहिल्या मुद्द्यात मराठी वाचकाची फसगत होण्याला एक जास्तीचे कारण आहे. लॅटिनमधल्या ‘आनिमा’ या शब्दासाठी आपण ‘आत्मा’ लिहितो आणि तो शब्द उच्चारताच जुने वस्त्र टाकून नवे नेसणारा गीतेतला देही आपल्या मनात उभा राहतो. अक्वायनसचा आनिमा तसा नाही. त्याच्या मते अंगणातल्या तुळशीला आनिमा आहे, वळचणीच्या चिमणीला आहे आणि माणसालाही आहे, कारण सजीवाला सजीव करणारे जे तत्त्व, ज्याच्यामुळे हे द्रव्य नुसता ढीग न राहता वाढणारे, जाणणारे एक शरीर होते, त्याला तो आनिमा म्हणतो. ॲरिस्टॉटलने यासाठी मेण आणि त्यावरचा ठसा यांचा दृष्टान्त दिला होता: ही दोन एक आहेत की वेगळी, असा प्रश्नच विचारायला नको. खलाशी जसा जहाजात असतो तसा आत्मा शरीरात असतो, हे प्लेटोच्या नावावर सांगितले जाणारे मत अक्वायनसने नाव घेऊन नाकारले. संत पॉलच्या करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रावरील भाष्यात तर तो थेट लिहितो, ‘आनिमा मेआ नॉन एस्त एगो’, म्हणजे माझा आत्मा म्हणजे मी नव्हे. त्याच्या मृत्यूनंतर चाळीसेक वर्षांतच, 1311-12च्या फ्रान्समधील व्हिएन इथल्या धर्मपरिषदेत, आत्मा हा शरीराचा आकार (म्हणजे बाह्य ठेवण नव्हे, तर द्रव्याला जिवंत शरीर करणारे तत्त्व) आहे हे नाकारणे चर्चने पाखंड ठरवले.

शरीर एक वस्तू आणि मन दुसरी, ही ज्या मांडणीची आज थट्टा होते ती फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तची आहे, 1641 सालची. शरीर नसलेला आत्मा शरीराला हलवतो तरी कसा, हा प्रश्न बोहेमियाच्या राजकन्या एलिझाबेथने त्याला 1643 मध्ये पत्रातून विचारला आणि त्याचे समाधानकारक उत्तर तिला मिळाले नाही. इंग्रज तत्त्वज्ञ गिल्बर्ट राइलने 1949 मध्ये ‘यंत्रातले भूत’ म्हणून जिची खिल्ली उडवली तीही हीच मांडणी. देकार्तवरचा आक्षेप त्याच्या पावणेचारशे वर्षे आधी मरण पावलेल्या माणसाच्या माथी मारणे हा आळस आहे.

दुसरा मुद्दा मला जवळचा आहे. माझ्या मावशीला पक्षाघात झाला, त्यानंतर कित्येक शब्द तिला सापडेनासे झाले. चहाच्या कपाकडे बघून ती उजव्या हाताची बोटे हवेत गोल फिरवायची, ‘ते, ते दे’ म्हणायची. चमचा हवा आहे हे तिला कळत होते, आम्हालाही कळत होते, पण ‘चमचा’ हा शब्द ओठांवर येत नव्हता. कधी तर चमचा हातात दिल्यावरही ती गोंधळून त्याच्याकडे बघत राही. मेंदूतल्या एका लहानशा भागाचा रक्तपुरवठा थांबला आणि माहीत असलेली गोष्ट हाताशी येईना. अक्वायनसला हे दाखवले असते तर तो चकित झाला नसता. ‘सुम्मा’ या आपल्या मुख्य ग्रंथाच्या पहिल्या भागातील 84व्या प्रश्नात तो लिहितो की कल्पनाशक्तीच्या इंद्रियाला इजा झाली, जशी वातभ्रमात होते, किंवा स्मरणशक्ती अडली, तर माणसाला पूर्वी शिकलेल्या गोष्टींचेही आकलन करता येत नाही, कारण या जीवनात बुद्धीला मनातल्या प्रतिमांकडे वळल्याशिवाय काहीच समजत नाही आणि त्या प्रतिमा शरीराच्या आधाराने उभ्या राहतात. विशिष्ट गोष्टींची तुलना करणाऱ्या शक्तीचे इंद्रिय वैद्यांच्या मते डोक्याच्या मध्यभागी असते, हेही तो नमूद करतो. जागा चुकली असेल, पण मेंदू बिघडला की विचार बिघडतो हे त्याच्या सिद्धान्ताचेच एक अंग आहे, ते त्याच्याविरुद्धचा पुरावा कसे होईल?

रेल्वेमार्गाच्या कामावरचा मुकादम फिनिअस गेज याचे उदाहरण याच मुद्द्यासाठी नेहमी दिले जाते. 13 सप्टेंबर 1848 रोजी अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये सुरुंगाच्या स्फोटाने सुमारे एक मीटर लांबीची लोखंडी पहार त्याच्या गालातून शिरून कवटीतून बाहेर पडली आणि त्याचा स्वभाव पालटला, असे सांगतात. मात्र पुढे काही वर्षे त्याने चिलीमध्ये घोडागाडी हाकण्याचे काम केले, हे सांगणारे त्या मानाने थोडेच असतात.

तिसरा मुद्दा लिबेटचा. 1983च्या प्रयोगात सहभागी माणसांना मनाला येईल तेव्हा मनगट किंवा बोट हलवायला सांगितले होते. हालचालीच्या सुमारे अर्धा सेकंद आधी मेंदूत तयारीचा विद्युतसंकेत दिसला, तर ‘आता हलवावे’ ही जाणीव त्यांना सुमारे 200 मिलिसेकंद आधी झाली. यावरून निर्णय मेंदूचा, आपण नुसते साक्षी, असा निष्कर्ष काढला जातो. पण अक्वायनस ज्याला माणसाचे कृत्य म्हणतो ते विचारपूर्वक इच्छेतून येते, आणि लक्ष दुसरीकडे असताना हात-पाय हलवणे किंवा दाढी कुरवाळणे यांना तो त्या वर्गात धरतच नाही. प्रयोगातल्या माणसांचे लक्ष आपल्या हाताकडे होते, हा फरक मी मान्य करतो; तरी या क्षणी की पुढच्या, हे ठरवायला त्यांच्यापाशी कोणतेही कारण नव्हते, आणि कारणांचा विचार हाच तर अक्वायनसच्या निवडीचा गाभा आहे. वडिलांना आपल्या यकृताचा भाग द्यावा की नाही हे ठरवणारा मुलगा डॉक्टरांशी बोलतो, बायकोशी बोलतो, धोका तोलतो, मागे फिरतो, पुन्हा येतो. स्वातंत्र्य असेल तर ते या आठवडाभराच्या तोलण्यात शोधावे लागेल. अर्ध्या सेकंदाच्या आलेखाने त्याचा निकाल लागत नाही. खुद्द लिबेटनेही अखेरच्या क्षणी कृती रोखण्याला जागा ठेवली होती.

चौथ्या मुद्द्यात तथ्य आहे आणि ते लपवू नये. मुलग्याचा गर्भ चाळिसाव्या दिवशी आणि मुलीचा नव्वदाव्या दिवशी आकाराला येतो, हे ॲरिस्टॉटलकडून आलेले मत अक्वायनसने स्वीकारले. स्त्रीचा जन्म हा पुरुष घडवू पाहणाऱ्या बीजाची उणीव आहे, असेही तो त्याच्याच आधारे म्हणतो. हे चूक आहे आणि दुसरे तर अन्यायकारकही आहे. पण द्रव्य आणि आकार यांचे नाते या गणितांवर अवलंबून नाही. ती काढून टाकली तरी ते जिथल्या तिथे राहते.

खरा वाद घालायचा असेल तर जागा वेगळी आहे. संवेदना, स्मृती, कल्पना यांना शरीरातले इंद्रिय लागते असे मानणारा अक्वायनस बुद्धीला मात्र स्वतःचे इंद्रिय नाही असे म्हणतो, आणि म्हणूनच ती मृत्यूनंतर टिकू शकते असे मानतो. त्याचा एक युक्तिवाद असा, की तापात जीभ कडू झालेल्या रोग्याला गोडाची चव कळत नाही. तसेच बुद्धीत एखाद्या भौतिक वस्तूचे स्वरूप आधीच असते, तर तिला इतर भौतिक वस्तू जाणता आल्या नसत्या, आणि ती तर सर्वच जाणू शकते. हा युक्तिवाद मला कच्चा वाटतो. डोळा स्वतः मांसाचा असून त्याला मांस दिसते. साधनाची घडण आणि त्यातून जाणले जाणारे यांची गल्लत इथे झाली आहे, असे माझे मत आहे. त्याचा दुसरा युक्तिवाद यापेक्षा भक्कम आहे: इंद्रियाला नेहमी हा त्रिकोण किंवा तो त्रिकोण दिसतो, बुद्धीला मात्र ‘त्रिकोण’ कळतो, आणि कोणत्याही एका ठिकाणच्या, एका मापाच्या खुणेला सर्व त्रिकोणांचा अर्थ कसा प्राप्त होतो, हे नुसत्या त्या खुणेच्या घडणीवरून सांगता येत नाही. मेंदूतल्या पेशींच्या जाळ्याबद्दल आणि आता बोलणाऱ्या यंत्रांबद्दल हाच प्रश्न विचारला जात आहे, आणि आक्षेप घेणाऱ्यांनी त्याला अजून हातही लावलेला नाही.