डिजिटल सिंथसायझरच्या लाटेत पायऱ्या नसतात

सिंथसायझर घेऊ पाहणाऱ्या प्रत्येक नवख्याला हमखास ऐकवला जाणारा एक दावा असा आहे: ‘अ‍ॅनालॉग सिंथची लाट अखंड असते, डिजिटलची पायऱ्यापायऱ्यांची, म्हणून डिजिटलचा आवाज निर्जीव लागतो, आणि तो घडवता येत नाही, तयार आवाजांतून फक्त निवडता येतो.’ (अ‍ॅनालॉग सिंथ विजेच्या दाबातून थेट लाट काढतो, डिजिटल ती आकड्यांतून घडवतो.) यात तीन वेगळी विधाने एकत्र बांधलेली आहेत. पहिले साफ चूक आहे आणि दुसऱ्याचे कारण चुकीचे सांगितले जाते. तिसऱ्यावर विश्वास ठेवून अनेक जण आपल्याच वाद्याचे एडिट पान कधी उघडत नाहीत, याचे मला फार वाईट वाटते.

पायऱ्यांचे चित्र हे संगणकाच्या पडद्यावरचे चित्र आहे. सॅम्पल म्हणजे एका क्षणी घेतलेले मोजमाप. दोन मोजमापांच्या मधला भाग सपाट असतो, असे कोणतेही गणित सांगत नाही. क्लॉड शॅनन यांनी १९४९ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार, सॅम्पलिंगच्या वारंवारतेच्या निम्म्याहून वरचे काही लाटेत नसेल, तर त्या बिंदूंमधून जाणारी वक्ररेषा एकच असते, आणि आउटपुटचा फिल्टर तीच रेषा परत मिळवून देतो. ४४,१०० हर्ट्झवर चालणाऱ्या यंत्रातून निघालेली १,००० हर्ट्झची साइन लाट ऑसिलोस्कोपवर, म्हणजे लाट पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावर, गुळगुळीतच दिसते. मोजमाप किती बारीक आहे, हा वेगळा प्रश्न आहे: प्रत्येक बिटमागे सुमारे ६ डेसिबल या हिशेबाने स्वर आणि खरखर यांच्यात ८ बिटांना ४८ आणि १६ बिटांना ९६ डेसिबलचे अंतर मिळते. पीपीजी वेव्ह या जुन्या डिजिटल सिंथसारख्या ८-बिट यंत्रांची खरखर त्यातूनच येते, आणि अनेकांना ती हवीशीही वाटते.

डिजिटलचा खरा दोष दुसरीकडे आहे आणि दाव्यात त्याचा उल्लेखही नसतो. लाट एडिट करताना आपण हौसेने टोकदार कोपरे काढतो, पण टोकदार कोपरा म्हणजे वर-वर जात राहणारे हार्मोनिक, म्हणजे मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट अशा पटीतल्या वारंवारता. ३,००० हर्ट्झची सॉटूथ (करवतीच्या दात्यांसारखी) लाट जशीच्या तशी ४४,१०० हर्ट्झवर काढली, तर तिचा सातवा हार्मोनिक २१,००० वर बसतो. दहावा ३०,००० वर जायला हवा, पण तिथे जागाच नसल्याने तो उलटा दुमडून १४,१०० वर येतो, आणि पंधरावा तर ९०० हर्ट्झवर, म्हणजे मूळ स्वराच्याही खाली उतरतो. ही वारंवारता मूळ स्वराच्या कोणत्याही पटीत बसत नाही, म्हणून कानाला खुपते. शिवाय स्वर वर सरकवला की दुमडलेल्यांपैकी काही खाली येऊ लागतात. याला एलिअसिंग म्हणतात. त्यावरचा उपाय जुना आणि साधा आहे: एकाच लाटेच्या प्रत्येक सप्तकासाठी वेगळ्या प्रती ठेवायच्या, आणि वरच्या सप्तकांच्या प्रतींत हार्मोनिक कमी करत न्यायचे. एखाद्या यंत्राने हे केले नसेल, तर दोष त्या यंत्राच्या रचनेचा आहे.

आता निर्जीवपणाविषयी. तानपुऱ्याच्या तारेच्या ध्वनिमुद्रणातून मी एकदा लाटेचे नेमके एक आवर्तन, म्हणजे एकच पूर्ण चढ-उतार, कापून घेतले आणि ते पुन्हा पुन्हा वाजवत ठेवले. लाटेचा आकार अचूक होता, पण ऐकू आला तो बझरसारखा एकसुरी आवाज. जवारी, म्हणजे तानपुऱ्याचा तो झणझणता नाद, एका आवर्तनात नसतेच. तार छेडल्यानंतर वेगवेगळे हार्मोनिक क्रमाने उजळतात आणि मावळतात, त्या हालचालीत ती असते. त्याच ध्वनिमुद्रणातल्या निरनिराळ्या क्षणांची आवर्तने ओळीने मांडून त्यांच्यावरून एन्व्हलपने (स्वर वाजत असताना एखादी गोष्ट वेळेनुसार बदलणाऱ्या आखणीने) सरकत गेलो, तेव्हा आवाज ओळखीचा होऊ लागला. वोल्फगांग पाल्म यांच्या पीपीजी वेव्हमधील वेव्हटेबलचे, म्हणजे ओळीने मांडलेल्या लाटांच्या तक्त्याचे, तत्त्व हेच होते. थिजवलेली लाट अ‍ॅनालॉग ऑसिलेटरमधून (लाट काढणाऱ्या भागातून) आली तरी तितकीच थिजलेली वाटते; तिथे तिला फिल्टर आणि एन्व्हलप हलते ठेवतात, आणि डिजिटलमध्येही ते असतात.

राहिला ‘फक्त निवडता येतो’ हा भाग. तयार आवाज साठवण्याची सोय १९७८ च्या प्रॉफेट-५ या अ‍ॅनालॉग सिंथमध्येच आली होती, त्यामुळे प्रीसेट ही डिजिटलची खूण ठरत नाही. यामाहाच्या १९८३ च्या डीएक्स७ मध्ये जॉन चाउनिंग यांनी शोधलेले एफएम तंत्र, म्हणजे एका लाटेने दुसरीची वारंवारता हलवण्याचे तंत्र, आहे: सहा ऑपरेटर (लाट काढणारे घटक), ते जोडण्याच्या ३२ रचना, आणि प्रत्येक ऑपरेटरला चार गती व चार पातळ्यांचा स्वतंत्र एन्व्हलप. इतके सारे १६ अक्षरांच्या दोन ओळींच्या पडद्यावर एकेक आकडा बदलत करावे लागे, आणि लोक त्याला कंटाळले हे मी मान्य करतो. पण कंटाळवाणे म्हणजे अशक्य नव्हे.

डीएक्स७ चा प्रसिद्ध ई. पियानो १ घ्या. त्यात दोन-दोन ऑपरेटरांच्या तीन जोड्या आहेत, आणि पट्टी दाबताक्षणी येणारी धातूची ‘टिंग’ मूळ स्वराच्या १४ पट वारंवारतेवर ठेवलेल्या क्रमांक २ च्या ऑपरेटरमुळे उमटते. त्याची आउटपुट पातळी हळूहळू उतरवा: टिंग आधी बोथट होते, मग नाहीशी होते, आणि खाली उरतो तो मऊ, गोल स्वर. मग पातळी परत वर नेऊन १४ च्या जागी ३ ठेवा आणि तीच पट्टी पुन्हा दाबा.