गेस्टापोकडे माणसं कमी होती, मग भीती कुठून आली?

नमस्कार. प्रतिक्रिया सविस्तर लिहिलीत, म्हणून उत्तरही ऐसपैस देतो. तुमचा आक्षेप असा, की नाझी दहशतीला मी नको तेवढं महत्त्व दिलं. गेस्टापोकडे, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांकडे, माणसं मोजकीच होती, बहुतेक जर्मन हिटलरवर खूश होते आणि ‘आम्ही घाबरलो होतो’ ही युद्धानंतर काढलेली पळवाट आहे.

पळवाटीबद्दल वाद नाही. माणसं मोजकी होती हेही खरं. जर्मनीतल्या वुर्झबर्ग शहराच्या गेस्टापोकडे 1937 साली 28 जण होते आणि हद्दीत लोकवस्ती 8 लाखांवर. पण शेजारी, भाडेकरू, हाताखालचा नोकर चुगली करायला टपलेले असले की पोलीस थोडे पुरतात.

प्रश्न आहे तो भीती कोणाच्या वाट्याला आली याचा. मिखाएल झीगल हे म्युनिकमधले ज्यू वकील. मार्च 1933 मध्ये अशिलाला अटक झाली म्हणून ते पोलीस मुख्यालयात दाद मागायला गेले. तिथेच एसएच्या (नाझी पक्षाच्या निमलष्करी दलाच्या) गुंडांनी त्यांना बदडलं, विजार खालून कापली आणि अनवाणी भर रस्त्यातून फिरवलं. गळ्यात पाटी: पोलिसांकडे पुन्हा तक्रार करणार नाही. मारायचंच होतं तर कोठडीत मारता आलं असतं की! ही धिंड बघ्यांसाठी होती. बघणारा ज्यू असेल तर त्याला कळलं, आता पोलिसांचं दार बंद. बाकीच्यांना कळलं, आपण मध्ये पडायचं नाही.

त्याच महिन्यात म्युनिकजवळ दाखाऊची छळछावणी उघडणार, जागा 5000 कैद्यांची, हे म्युनिकचा तेव्हाचा पोलीसप्रमुख हिमलर याने स्वतः पत्रकारांना सांगितलं आणि पेपरात छापून आलं. सुटून येणाऱ्या कैद्याकडून मात्र आतलं काही बोलणार नाही असं लिहून घेत. छावणी आहे हे सगळ्यांना माहीत. आत काय चालतं, त्याची ज्याने त्याने कल्पना करावी.

‘एवढी दहशत होती तर ज्यू आधीच का निघून गेले नाहीत?’ हा तुमचा शेवटचा प्रश्न. हजारो गेले. पण मालमत्ता बरी असली तर देश सोडताना तिचा चौथा हिस्सा सरकार कापून घेई, आणि ठेवून घेणारे देश थोडे. नोव्हेंबर 1938 मध्ये सिनेगॉग (ज्यूंची प्रार्थनास्थळं) जाळली गेली, तेव्हा सुमारे 30,000 ज्यू पुरुषांना दाखाऊ, बुखेनवाल्ड, झाक्सनहाउझेनच्या छावण्यांत नेलं. देश सोडतो म्हणून कागदपत्रं दाखवली की बऱ्याच जणांची सुटका होई. म्हणून बायका व्हिसासाठी वकिलातींबाहेर रांगा लावत होत्या आणि घर-दुकान मिळेल त्या भावात विकून टाकत होत्या. ते घेणारा अनेकदा त्याच गावातला, ओळखीचा असे.